नऊ घरांची कोंड

“ओहोटी गेली लांब गं, उघडी पडली भिंत,
आज वार कोणाचा? आज वार कोणाचा?”

टेकाडावरून बीचूचा बाप अशी हाक घालायचा. ती हाक आधी भुईमुगाच्या वावरांवर उतरायची, वाऱ्यापासून पीक राखणाऱ्या प्रवाळाच्या गडग्यांना वळसे घालत गावात शिरायची, आणि शेवटी टोपली घेऊन उंबऱ्यात उभ्या असलेल्या बीचूच्या पोटात जाऊन थांबायची. कारण हाकेच्या शेवटी एक नाव यायचं. कधी ओऊंचं, कधी सूंचं, कधी त्यांचं स्वतःचं, येनांचं. नऊ घरं, नऊ नावं. बीचू रोज कान देऊन ऐकायची. पोरीचं नाव त्यात येत नाही हे तिला ठाऊक होतं; पण लहान पोरीला ठाऊक असणं वेगळं आणि तिने वाट न बघणं वेगळं.

तैवानजवळच्या एका बेटावरच्या आनबे गावची कोंड म्हणजे मासळी अडवायला समुद्रात रचलेली वळणदार भिंत. काळा दगड आणि पांढरं प्रवाळ, चुना नाही की सिमेंट नाही, एकावर एक नुसते बसवलेले. भरतीला भिंत पाण्याखाली जाते आणि मासळी तिच्यावरून आत शिरते. ओहोटीला पाणी फटींतून निसटतं आणि मासळी मागे राहते. दरवर्षी वांगये देवापुढे कौल लावून वार ठरायचे. ज्याचा वार, त्या दिवशी कोंडीत सापडेल ते त्याचं. दुसऱ्याने आतला खेकडासुद्धा उचलायचा नाही. भांडणं झाली, घरं फुटली, भाऊ भावाशी बोलेनासे झाले, पण या नेमाला कोणी धक्का लावला नाही.

बापाचा वार मुलाकडे जायचा. पोरगी लग्न करून जाते, तिच्याबरोबर भिंत कशी जाणार, असं म्हणत. बीचूचं लग्न झालं ते दोन गल्ल्या पलीकडे. नवरा तैवानला, काओश्युंग बंदराच्या गोदीत कामाला गेला आणि तिथेच आजारपणात वारला. ती इथेच राहिली. भिंतही इथेच राहिली. वार मात्र थोरल्या भावाचा, बूनखिमचा.

आता बीचूची साठी उलटली होती, आणि कोंडीत मासळी उरली नव्हती. थर्माकोल उरला होता.

खाडीत बूनखिमचे तराफे होते. तराफ्यांखाली कालवांच्या माळा, तराफ्यांवर शेगड्या. उन्हाळ्यात तैवानहून पर्यटक विमानं भरभरून येत, तराफ्यावर बसून पोट फुटेस्तोवर भाजलेली कालवं खात आणि शिंपले पाण्यात फेकत. तराफे तरंगायचे ते पांढऱ्या थर्माकोलच्या ठोकळ्यांवर. उन्हाने ठोकळे कुजत, मासे त्यांना टोचत, आणि हिवाळ्यात ईशान्येचा वारा सुटला की ते सुटून, फुटून, चुरा होऊन थेट कोंडीत येत. कोंड रचणाऱ्यांनी वाऱ्याचा आणि पाण्याचा रोख बघूनच ती तिथे रचली होती. जे वाहून येईल ते तिच्यात यावं म्हणून. ती आपलं काम चोख करत होती.

वारा सुटण्याआधी ठोकळे किनाऱ्यावर उतरवून ठेवता आले असते. चार दिवसांचं काम. पण फाटके ठोकळे उतरवण्यापेक्षा नवे आणणं सोपं पडतं, आणि समुद्र काय, नेतो सगळं. बूनखिम गावचा मुखिया होता, देवळाच्या मंडळाचा अध्यक्ष होता, गावातल्या निम्म्या पोरांना त्याच्या शेगड्यांवर काम होतं. कोंडीतला थर्माकोल कुठून येतो, हे आनबेत शेंबड्या पोरालाही कळत होतं. म्हणूनच कोणी ते बोलत नव्हतं.

मग वारांची गंमत सुरू झाली.

सियोकमेई, ओऊंची सून, एका संध्याकाळी दोडके घेऊन दारात आली.

“बीचूताई, आहेस का गं?”

“ये. आज दोडक्यांना पाय कसे फुटले?”

“अगं, वावरात खूप झालेत. आणि आमचे हे म्हणत होते, उद्या आमचा वार, पण ह्यांचा गुडघा आखडलाय. तर उद्याचा वार तू घे. तू काय परकी आहेस?”

“कोंडीत काय पडलंय ते बघितलंस?”

“मी कशाला बघू बाई? माझा वार थोडाच आहे!”

दुसऱ्या आठवड्यात सूंचा मुलगा आला. त्याच्या बायकोला डोहाळे लागले होते. त्यानंतर थाऊ काका आले, त्यांना शेतावर जायचं होतं. सत्तर वर्षांत ज्या माणसाने ओहोटी चुकवली नाही, त्याला एकाएकी रताळ्यांची काळजी लागली. एकेक करत नऊ घरांनी आपापले वार बीचूच्या पदरात टाकले, वर म्हणाले, “तुला हौस होतीच ना लहानपणी!”

बीचूने सगळे घेतले. तोंडाला फडकं गुंडाळलं, डोळे तेवढे उघडे ठेवले, आणि गुडघाभर पाण्यात उतरली. फडक्याआड तिचे ओठ पांढरे पडले होते. थंडीने नाही. मासळी होती तेव्हा पोरीला भिंतीवर पाय ठेवू देत नव्हते. आता घाण आहे तर सगळी भिंत तिची! कुणाच्या मुलाचा गुडघा, कुणाच्या सुनेचे डोहाळे, आणि भरपाई दोन दोडके!

तरी ती बूनखिमला एक शब्द बोलली नाही. नवरा गेला तेव्हा भावानेच तिला कालवं फोडायच्या शेडमध्ये बसवलं होतं. आणि आई मरताना म्हणाली होती, “भावाची मान लोकांत खाली घालू नकोस. माहेर तेवढंच उरतं.” हे माहेर तिच्या घरापासून दोन गल्ल्यांवर होतं. रोज सकाळी ती त्याच्या शेडमध्ये त्याची कालवं फोडायची आणि ओहोटीला जाऊन त्याचेच ठोकळे गोळा करायची.

फेब्रुवारीत काओश्युंगहून माणसं आली. युनशिएन नावाची, पोहायला शिकवणारी तिशीतली बाई आणि तिच्याबरोबर दहाबारा जण. महिन्यातून एकदा स्वतःच्या खर्चाने यायची, किनारा झाडायची आणि संध्याकाळच्या विमानाने परत जायची. हातमोजे, चिमटे, गोणी, अंगात एकसारखे निळे शर्ट. वाळू झाडत झाडत ती कोंडीच्या भिंतीपर्यंत आली आणि आत पाय टाकणार तोच थाऊ काका काठी आपटत धावले.

“अहो, थांबा! आत नाही जायचं! आज सूंचा वार आहे.”

“काका, आत कचरा आहे,” युनशिएन म्हणाली. “आम्ही तो उचलायला आलोय.”

“दिसतंय मला. डोळे आहेत. पण वार सूंचा आहे. दुसऱ्याच्या वारातलं उचललं तर वांगये रागावतो.”

“कचरा उचलला तरी?”

“कोंडीत आहे ना? मग ज्याचा वार त्याचं.”

निळ्या शर्टांनी एकमेकांकडे बघितलं. कोणाला हसू आवरेना, कोणाला राग. भिंतीच्या एका बाजूला वाळू लख्ख झाडलेली, दुसऱ्या बाजूला बर्फ पडावा तसा थर्माकोल, आणि मध्ये काठी घेऊन उभा एक म्हातारा देवाच्या नावाने कचऱ्याची राखण करत होता. बरं, तो खोटंही बोलत नव्हता. त्याला खरोखर तसंच वाटत होतं. सगळ्या गावाला तसंच वाटत होतं. माशाचा नेम त्यांनी कचऱ्यालाही लावला होता, आणि नेम पाळला जातोय म्हणून सगळे सुखाने झोपत होते.

बीचू पाण्यातून वर आली. फडकं खाली ओढून म्हणाली,

“काका, सूंचा वार मी घेतलाय. विसरलात? आज मालकीण मी.” मग युनशिएनकडे वळून, “या आत. पण भिंतीवर नाचू नका. दगड नुसते बसवलेत, हलतात.”

त्या दिवसापासून युनशिएन महिन्याला नाही, पंधरवड्याला येऊ लागली. ठोकळे उचलणं सोपं होतं. जीव खाल्ला तो चुऱ्याने. चुरा दगडांच्या फटींत, शेवाळात, वाळूत मिसळलेला. बीचूने घरून भुईमुगाची चाळणी आणली. पाणी घालायचं, हलवायचं, पांढरं वर तरंगतं ते काढायचं. दिवसभरात माणशी एक बादली होईना. भिंतीच्या पोटात जुनं जाळंही अडकलं होतं, दोरखंडासारखं पिळलेलं. एका मुलाने ते ओढायला घेतलं तेव्हा बीचू ओरडलीच.

“अरे मेल्या, ओढतोस काय! भिंत येईल खाली!”

जाळं काढायचं म्हणजे त्यावरचे दगड एकेक उचलायचे, जाळं कापायचं आणि दगड जिथला तिथे बसवायचा. कोणता दगड कुठे बसेल ते तिलाही सांगता येत नसे. दगड फिरवत बसायचं, बसला की टक् असा आवाज येतो. युनशिएनची बोटं सोलून निघाली तेव्हा पहिला टक् ऐकू आला, आणि ती पोर भिंतीला टेकून रडली.

“ताई, कचरा उचलायला तैवानहून विमानाच्या तिकिटाचे पैसे घालून कोणी का जातं, असं घरी विचारतात,” ती नाक पुसत म्हणाली. “आणि तुमच्या गावातलं कोणीच कसं येत नाही?”

“गावाला वारा बाधतो,” बीचू म्हणाली. तिच्या जिभेवर दुसरं वाक्य होतं, ते तिने गिळलं.

“हे ठोकळे कुठून येतात हो? यांच्यावर काही छापलेलंच नसतं.”

बीचूने खाडीकडे बघितलं. शेगड्यांचा धूर वर चढत होता, कोणीतरी तराफ्यावर माईकवर गाणं म्हणत होतं. युनशिएननेही तिकडे बघितलं. मग दोघी पुन्हा चाळणीकडे वळल्या.

मे महिन्यात एका पहाटेच्या ओहोटीला कोंडीत पाणी उसळलं. बीचूला आधी वाटलं, पाऊस. मग दिसलं, चांदीच्या सुया. बोटभर लांबीच्या माशांचा थवाच्या थवा, एकदम वळणारा, एकदम चमकणारा. ती पाण्यात तशीच उभी राहिली. हातात जाळी होती, पण ती खाली घालायचं तिला बराच वेळ सुचेना. दुपारी गावात तिच्या घरच्या तळणाचा वास सुटला.

तळणाच्या वासाने सियोकमेईच्या नवऱ्याचा गुडघा बरा झाला.

दुसऱ्या दिवशी तो बादली घेऊन भिंतीवर उभा. “ताई, तू ये ना वर. आज वार आमचा.”

“तुमचा वार तुम्ही मला दिला होतात.”

“तेव्हा दिला होता. कायमचा थोडाच दिला?”

त्याच्या मागोमाग आपापला वार परत मागायला सूंचा मुलगा, त्याच्या मागोमाग थाऊ काका, रताळी विसरून. बीचूने वाळलेलं फडकं झटकलं, चाळणी काखेत मारली आणि पाण्याबाहेर आली. वाटेत सियोकमेई भेटली. तिच्या हातात आज दोडके नव्हते.

शेडमध्ये बूनखिम खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. ती कालवं फोडत होती.

“ऐकलं मी. मनाला लावून घेऊ नकोस. नेम आहे तो, माझा थोडाच आहे?” त्याने कालवाचा एक गोळा उचलून तोंडात टाकला. “आणि तुझं काम वाया नाही गेलं. महिन्याअखेर किनारा सफाईचा मोठा कार्यक्रम ठेवलाय. जिल्ह्याचे साहेब येणार, टीव्हीवाले येणार. पुढच्या वर्षीपासून पर्यटकांना कोंड दाखवायची. ओहोटीला आत सोडायचं, मासे पकडू द्यायचे. तुला स्टेजवर बोलावतो बघ!”

“ठोकळे उतरवणार का यंदा?” बीचूने सुरीवरून नजर न काढता विचारलं.

“बघू. हंगाम तर होऊ दे.”

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. धक्क्यावर मंडप, लाल खुर्च्या, भोंगे. मंडपावर फलक लागला होता: ‘समोरच्या किनाऱ्यावरून येणाऱ्या कचऱ्याशी आमचा लढा’. प्रत्येकाला प्लास्टिकच्या पिशवीत प्लास्टिकचा रेनकोट, प्लास्टिकच्या डब्यात भोपळ्याच्या शेवया, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला चमचा. पाण्याच्या बाटल्यांचे गठ्ठे उन्हात रचलेले. आणि मंडपामागे, धक्क्याच्या कडेला, ताडपत्रीखाली पांढरेशुभ्र कोरे ठोकळे, नव्या हंगामासाठी आलेले. ताडपत्री छोटी पडत होती.

निळे शर्टवाले येऊन मागच्या रांगेत बसले. युनशिएनने फलक वाचला, मग बीचूकडे बघितलं. ठोकळे कुठून येतात, हा तिचा जुना प्रश्न बीचूला दुरूनही ऐकू आला.

साहेबांनी हातमोजे घातले, वाळूवरची एक बाटली उचलली, फोटो झाला. बाटलीवर समोरच्या किनाऱ्याची, म्हणजे सामुद्रधुनीपलीकडच्या मुख्य भूमीची अक्षरं होती, म्हणून तिचा फोटो जवळून घेतला गेला. ठोकळ्यांच्या चुऱ्यावर काही छापलेलं नव्हतं. तो कोणाच्या फोटोत नव्हता.

मग बूनखिम बोलायला उभा राहिला. आवाज बापाचा मिळाला होता त्याला, भरदार.

“आमच्या आनबेने समुद्रावर नेहमीच आईसारखं प्रेम केलं,” तो म्हणाला. “घाण दुसऱ्यांची, साफ करायची आम्ही. तरी आमची तक्रार नाही. आणि या कामात माझी सख्खी बहीण, येन बीचू, सगळ्यांच्या पुढे! ये बीचू, ये वर!”

टाळ्या. सियोकमेईही टाळ्या वाजवत होती. सूंचा मुलगा शिट्टी मारत होता. बीचू स्टेजवर चढली तेव्हा तिच्या गळ्यात एक चकचकीत पट्टा घातला गेला, ‘समुद्राची लेक’ असं सोनेरी अक्षरांत. हातात टॉवेलांचा सेट. टॉवेल प्लास्टिकच्या खोक्यात.

“दोन शब्द बोल,” बूनखिमने माईक पुढे केला आणि कानाशी पुटपुटला, “धन्यवाद म्हण नि उतर.”

बीचूने माईक हातात घेतला. तिने आयुष्यात कधी माईक धरला नव्हता. तो तिने कालवाच्या सुरीसारखा घट्ट धरला.

“धन्यवाद,” ती म्हणाली. लोक पुन्हा टाळ्या वाजवू लागले, ते थांबेपर्यंत ती थांबली. मग तिने आईची माफी मनातल्या मनात मागितली.

“बाटल्या समोरून येतात. खरं आहे. पण कोंडीत बाटल्या किती होत्या, विचारा मागच्या रांगेतल्या त्या पोरीला. कोंडीत होता थर्माकोल. आणि तो समोरून येत नाही. तो तिथून येतो.” तिने खाडीकडे हात केला. “माझ्या दादाच्या तराफ्यांवरून. दरवर्षी. तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. सियोकमेई, खाली बघू नकोस, तुला माहीत आहे. थाऊ काका, तुम्हाला माहीत आहे. आणि नवा माल तिकडे ताडपत्रीखाली आहे, साहेब. बाटलीचा काढलात तसा त्याचाही फोटो काढा.”

मंडपात शेवया खाणाऱ्यांचे चमचे थांबले. साहेबांनी हातमोज्यांकडे बघितलं, जणू ते हात त्यांचे नव्हते. मागच्या रांगेत युनशिएन उभी राहिली होती. टीव्हीच्या कॅमेऱ्याने मान वळवली आणि ताडपत्रीकडे बघितलं.

बूनखिमने माईक हिसकावला, बटण बंद केलं. त्याचा चेहरा शेगडीवरच्या कालवासारखा झाला होता.

“बुद्धी फिरली का तुझी? मी तुला काम दिलं. मी तुला सांभाळलं.”

“मी तुझी कालवं फोडली, दादा. आणि तुझे ठोकळे गोळा केले. सांभाळलं कोणी कोणाला, ते नंतर बघू.”

“सगळ्या गावाचं पोट आहे त्या तराफ्यांवर!”

“मग गावाने चार दिवस येऊन ठोकळे उतरवावेत. पोटासाठी तेवढंही होत नाही?”

पहिल्या रांगेतून थाऊ काकांनी काठी आपटली. “अगं बीचू, घरातलं घरात बोलावं!”

“घर कुठलं काका? नऊ घरांत माझं कुठलं?”

काकांनी काठी मांडीवर घेतली. बूनखिमने इकडेतिकडे बघितलं, कॅमेरा अजून ताडपत्रीवर होता, आणि तो दात आवळून म्हणाला,

“बोल. काय हवंय तुला? पगार वाढवून हवा? ठोकळे उतरवायला हवेत? उतरवतो. यंदाच उतरवतो. झालं? आता तोंड बंद करशील?”

बीचूने गळ्यातला पट्टा काढला, नीट घडी घातली आणि टॉवेलांच्या खोक्यावर ठेवला. तिला वाटलं होतं, ठोकळ्यांचं बोलून झालं की छाती रिकामी होईल. झाली नाही. त्याच्या खाली आणखी काहीतरी होतं, इतकं जुनं की ते तिने बापाला सांगितलं नव्हतं, आईला नाही, नवऱ्यालाही नाही. सांगायचं म्हणजे मागायचं, आणि पोरीने मागायचं नसतं, म्हणून.

“ठोकळे तर तू उतरवशीलच. ते काही तू मला देत नाहीस,” ती म्हणाली. आता माईक नव्हता, तरी मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. “मला वार हवाय, दादा. लहान होते तेव्हापासून हवाय. कोणाचा गुडघा दुखतो म्हणून दिलेला नकोय. कोंडीत घाण आहे म्हणून दिलेला नकोय. मासळीचा वार, माझ्या नावाचा. कौल लावशील तेव्हा नऊ नावांनंतर दहावं नाव माझं घालायचंस, येन बीचू.”